दुसरी फ्लॉपी

मी ते काम घेतलं ते फक्त स्वतःचं खरं करण्यासाठी. जुन्याची आवड, पुढच्या पिढीसाठी काहीतरी, असलं माझ्या मनात काही नव्हतं. संग्रहालयवाल्या बाईंना तसं वाटत असेल तर वाटू दे. त्या बिचाऱ्या मला सर म्हणतात आणि मी आलो की खुर्ची पुसतात.

संग्रहालय म्हणजे काही भव्य नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या वर दोन खोल्या. एकीत मेलेले कॉम्प्युटर मांडलेले, दुसरीत टेबल, लॅपटॉप आणि लोखंडी कपाट. खाली दिवसभर कोणीतरी क्लच सोडायला चुकतं आणि गाडी गचके खात बंद पडते. आमची कंपनी एके काळी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम विकायची. मोठ्यांचीच नक्कल, पण आमची. तिच्यासोबत तेवीस छोटे प्रोग्रॅम जायचे: फाइल कॉपी करणारा, याद्या लावणारा, डिस्क तपासणारा, बॅकअप घेणारा. त्यातले नऊ माझे. कंपनी बुडाली, मालक वारले, आणि त्यांच्या मुलीने गोदाम रिकामं करताना सगळ्या फ्लॉप्या आणि कागद खोक्यांत भरून या बाईंना आणून दिले. बाईंचं म्हणणं असं की तेवीसच्या तेवीस प्रोग्रॅम मूळ सोर्सवरून, म्हणजे आम्ही तेव्हा टाइप केलेल्या ओळींवरून, पुन्हा तयार करायचे आणि तेव्हा गिऱ्हाइकांना पाठवलेल्या प्रतींशी ताडून पाहायचे. एक बाइटही इकडचा तिकडे नको. तसं जुळलं, की मग छातीठोकपणे म्हणता येतं, हाच तो सोर्स.

"तो कंपायलर आता चालणार कुठे?" मी पहिल्या दिवशी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं. खवचटपणा अंगातच आहे.

बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एम्युलेटर. म्हणजे आजच्या लॅपटॉपच्या पोटात उभं केलेलं आमचं जुनं मशीन, खोटं, पण हुबेहूब. तीच हिरवी अक्षरं, तोच मठ्ठ वेग, कोपऱ्यात फ्लॉपीचा लाल दिवासुद्धा काढलेला. त्यात सोर्सचा चालता प्रोग्रॅम करून देणारा आमचा जुना कंपायलर सुखाने चालत होता. मी म्हटलं, बरं आहे, उद्यापासून येतो.

आता खरं कशाबाबत करायचं होतं ते सांगतो.

छत्तीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, एका रक्तपेढीत आमच्याच मशीनवर ऑपरेटर होते. माझ्याच शब्दावर लागलेले. दुर्मीळ रक्तगट असलेल्यांची यादी त्या मशीनवर असायची: नाव, पत्ता, फोन. भाऊजी दर शनिवारी तिचा बॅकअप घ्यायचे, माझ्या प्रोग्रॅमने. यादी वाढत गेली तशी ती एका फ्लॉपीत मावेना. पहिली भरली की प्रोग्रॅम म्हणायचा, दुसरी घाला. ती घालायची. एवढंच काम.

एकदा मशीनमधली डिस्कच बसली, यादी गेली. बॅकअपवरून यादी परत घ्यायला गेले तर अर्धीच आली. दुसरी फ्लॉपी कोरी निघाली. त्याच आठवड्यात एका बाईला रक्त हवं होतं, आणि ज्यांना फोन करायचा त्यांची नावं त्या कोऱ्या फ्लॉपीवर असायला हवी होती. बाई गेली. तिला दोन मुलं होती, असं नंतर कळलं.

चौकशी बसली. भाऊजी सांगत राहिले, मी दुसरी घातली होती. दिवा दोनदाच लागला आणि विझला, मला वाटलं थोडंच उरलं असेल, मग 'काम पूर्ण' असं आलं. समितीतले एक साहेब हसले. मीही हसलो. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक दोष होता खरा: पहिली फ्लॉपी, एरवी थोडी जागा उरायची तशी न उरता, नेमकी शेवटच्या बाइटपर्यंत काठोकाठ भरली, तर दुसरीवर काहीच उतरत नसे, आणि वर 'काम पूर्ण' म्हणून मोकळा. पण तो मीच तीन महिने आधी शोधून काढला होता, दुरुस्त केला होता आणि नवी प्रत रक्तपेढीला पाठवली होती. रजिस्टरमध्ये नोंद, तारीख, सही. सोर्सचा छापील कागद. ते सगळं समितीपुढे ठेवलं, प्रोग्रॅम चालवून दाखवला, आणि तो शहाण्यासारखा चालला. भाऊजींची नोकरी गेली.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. भाची कडेवर, चार वर्षांची घोडी, पण चालायचा कंटाळा. ताई दारातच म्हणाली, "मला खरं सांग. तुझ्या प्रोग्रॅमचं काही नाही ना?"

"ताई, तुझी शपथ," मी म्हणालो.

ताईला चूक चालते, खोटं चालत नाही. लहानपणापासून तशीच. ती भाऊजींना म्हणायची, एकदा फक्त चुकलो म्हणा, विषय संपला. भाऊजी म्हणायचे, अगं, घातली होती. हे तीन वर्षं चाललं. शेवटी ती भाचीला घेऊन माझ्याकडे राहायला आली ती परत गेली नाही. चौथ्या वर्षी भाऊजी आले, बसलेही नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "नव्हती घातली. विसरलो होतो." ताई आतून म्हणाली, "चार वर्षं तोंडावर खोटं बोलला, आणि आता सांगायला आलाय." ते तसेच जिना उतरून गेले. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. लपवत नाही.

यंदा भाऊजींचे दोन्ही गुडघे गेले. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली, लिफ्ट नाही, दूध आणायचं तर खालच्या शिंप्याला हाक मारायची. भाचीने ठरवलं की बाबांना घरी आणायचं. ताई तिच्याचकडे असते. ताई म्हणाली, "तो माणूस या दारातून आत आला की मी बाहेर." मग भाची माझ्याकडे आली.

"मामा, आईला तूच समजाव. दुसऱ्या कोणाचं ती ऐकत नाही."

"मी काय समजावणार? तिचं काय चुकलं?"

"बाबा दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात. असा माणूस फ्लॉपी घालायला विसरेल?"

"ती सवय नंतरची आहे."

"तुला काय माहीत नंतरची आहे ते?"

खरंच मला माहीत नव्हतं. पण माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "हे बघ, तो सोर्स आता माझ्याकडे आहे. पाठवलेली प्रतही कपाटात आहे. दोन्ही जुळवून तुझ्या हातात ठेवतो. मग तरी हा विषय कायमचा बंद करा."

 भाची आईवर गेली आहे, भांडायचं ते मुद्द्याचं. "चालेल," ती म्हणाली. "तुझा प्रोग्रॅम स्वच्छ निघाला तर मी आईला पुन्हा त्रास देणार नाही. बाबांसाठी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. तिकडे सोडते. आणि तुझी चूक निघाली तर?"

"निघणार नाही."

"निघाली तर बाबा घरी येणार, आणि आईला तू सांगायचंस."

मी हो म्हणालो. म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं.

काम कंटाळवाणं होतं आणि मला तेच हवं होतं. बायको गेल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. जेवलो तर जेवलो, कोणी हसलं तर हसलो. बाई सकाळी एम्युलेटर चालू करायच्या, मी दहाला पोचायचो. एकेक प्रोग्रॅमचा सोर्स जुन्या फ्लॉपीवरून उतरवायचा, कंपाइल करायचा, पाठवलेल्या प्रतीशी ताडायचा. बाई कार्डावर बारीक अक्षरात लिहायच्या, 'जुळला'. तीन आठवड्यांत बावीस जुळले. बॅकअपचा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तो जुळला नाही.

माझा प्रोग्रॅम पाठवलेल्या प्रतीपेक्षा एकोणीस बाइटांनी मोठा निघाला. मी म्हटलं, कंपायलरचा काहीतरी पर्याय वेगळा असेल. दोन दिवस सगळे पर्याय उलटेपालटे करून पाहिले. एकोणीसच. बाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सर, सोर्सच नंतरचा असेल का?" मी त्यांच्यावर खेकसलो. त्या कप ठेवून पलीकडच्या खोलीत गेल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंना बँकेत जायचं होतं, म्हणून मशीन मीच चालू केलं. आमच्या त्या मशीनला घड्याळ नव्हतं. वीज गेली की ते वेळ विसरायचं, म्हणून चालू केलं की पहिल्यांदा आजची तारीख विचारायचं. बाई रोज इमानेइतबारे घालतात. आम्ही तेव्हा कोणी घालत नसू. नुसतं एंटर मारायचं आणि पुढे जायचं, मग मशीन धरून चालायचं की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. ऑफिसात आठदहा जण, सगळे तसेच. फक्त आमच्या टायपिस्ट बाई तेवढी तारीख घालायच्या, त्यांना पत्रावर लागायची.

मी एंटर मारलं. बोटांनीच मारलं म्हणा, माझं लक्षही नव्हतं. सोर्समध्ये एक ओळ बदलून पाहायची होती. बदलली, आणि 'मेक' अशी कमांड दिली. मेक म्हणजे सोर्सवरून प्रोग्रॅम पुन्हा बांधणारा गडी. पण तो आळशी आहे. तो आधी तारखा बघतो. सोर्सची फाइल बांधलेल्या फाइलपेक्षा नवी असेल तरच हात लावतो. जुनी असेल तर म्हणतो, सगळं अद्ययावत आहे, आणि गप्प बसतो.

पडद्यावर आलं, सगळं अद्ययावत आहे.

मी म्हटलं, अद्ययावत कसं? आत्ता तर बदललं. मग वर तारीख पाहिली. माझी बदललेली फाइल एक जानेवारी ऐंशीची. बाईंनी मशीन चालू केलेलं असताना कालपरवा बांधलेली फाइल या वर्षातली. मेकच्या हिशेबाने माझा बदल चाळीस वर्षांहून जुना होता.

खाली कोणाची तरी गाडी बंद पडली. मास्तर ओरडत होता, क्लच, क्लच.

मी खोक्यातली मूळ फ्लॉपी काढली आणि तिच्यावरच्या तारखा पाहिल्या. माझी दुरुस्ती असलेली फाइल: एक जानेवारी ऐंशी. तिच्या शेजारी बांधलेली फाइल: चौकशीच्या वर्षातल्या मार्चची, टायपिस्ट बाईंनी तारीख घातलेल्या कोणत्यातरी दिवशी बनलेली. आणि पाठवलेली प्रत तिच्यातूनच निघालेली. म्हणजे मी तीन ओळी दुरुस्त केल्या, मेक दिलं, मेक म्हणाला सगळं अद्ययावत आहे, मी खूश झालो आणि जुनाच प्रोग्रॅम नव्या फ्लॉपीवर घालून रक्तपेढीला पाठवला.

रजिस्टरमध्ये एक रकाना होता: चाचणी केली का. मी 'होय' लिहिलं होतं. केली नव्हती. फ्लॉपी काठोकाठ भरून पाहायची म्हणजे पाऊण तास जायचा, आणि तीन ओळींत काय तपासायचं असं मला वाटलं. हे मला एवढी वर्षं माहीत होतं. पण ते मी कधी मोजलंच नाही, कारण दुरुस्ती तर केलेली होती. समितीपुढे प्रोग्रॅम नीट चालला तो यामुळे की तोवर आमच्याकडे सगळं पुसून पुन्हा बांधून झालं होतं.

खात्री करायची म्हणून त्या तीन ओळी काढल्या, तारीख नीट घातली आणि पुन्हा बांधला. एकोणीस बाइट गेले. पाठवलेल्या प्रतीशी तंतोतंत जुळला.

मग पाठवलेली प्रतच एम्युलेटरमध्ये चालवली. एक खोटी यादी केली, पहिली फ्लॉपी शेवटच्या बाइटपर्यंत भरेल अशी. पडद्यावर आलं, दुसरी घाला. घातली. कोपऱ्यातला लाल दिवा एकदा लागला, दुसऱ्यांदा लागला आणि विझला. काम पूर्ण. भाऊजींनी सांगितलं होतं तेवढंच, अगदी तसंच. ज्याने दुसरी फ्लॉपी घातलीच नाही त्याला तो दिवा दोनदा लागतो हे कळायला काही मार्ग नव्हता.

वाईट वाटलं असं म्हणायला हवं. काही वाटलं नाही. हात धुवावेसे वाटले म्हणून धुतले. बाई बँकेतून आल्या, पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "जुळला की सर, तेवीसच्या तेवीस झाले." त्या मनापासून खूश होत्या. त्यांनी कार्डावर लिहिलं, 'जुळला, एक दुरुस्ती वगळून'. मग विचारलं, "ही दुरुस्ती गिऱ्हाइकांना मग कधी गेली?"

"उशिरा," मी म्हणालो.

दोन दिवस मी घरी बसून राहिलो. कोणाला कळणार आहे, असा विचार केला, तोही सांगून टाकतो. बाईंना रक्तपेढी माहीत नाही, ताईला बाइट माहीत नाहीत. तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, वृद्धाश्रमवाले शुक्रवारी खोली दाखवतायत. तुझं काही निघालं का?" मी म्हणालो, मी तुमच्याकडे येतोय.

पोचलो तेव्हा भाची कामावर गेली होती. ताई चादरींच्या घड्या घालत होती. मला पाहून तिने एक टोक माझ्या हातात दिलं, आमच्याकडे रिकामा हात कोणाला बघवत नाही. आम्ही चादर ताणली, दुमडली, पुन्हा ताणली. मी बोलायला लागलो. तारीख, मेक, बांधलेली फाइल. ती चादर धरून उभीच राहिली.

"मशीनचं नको," ती म्हणाली. "सरळ सांग."

"त्यांनी दुसरी फ्लॉपी घातली होती. माझा प्रोग्रॅम बिघडलेलाच गेला होता."

"तू माझी शपथ घेतली होतीस."

"हो."

"तुला माहीत नव्हतं?"

"बिघडलाय हे माहीत नव्हतं. तपासला नाही हे माहीत होतं."

ताईने माझ्या हातातलं टोक काढून घेतलं. तिने एकटीनेच ती घडी पुरी केली, नीट, कडा जुळवून. मला वाटलं आता मारेल. लहानपणी मारायची. तिने चादर बाकीच्या चादरींवर ठेवली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"तीन वर्षं ते खरं बोलत होते," ती म्हणाली. "आणि मी म्हणायची, खोटं बोलू नका, मला खोटं सहन होत नाही. मग खरंच खोटं बोलले, तेव्हा मला वाटलं, आत्ता कुठे खरं बोलला."

मी पुढची चादर उचलली. तीही तिने काढून घेतली.

"जा, त्यांना घेऊन ये. मी येत नाही, मला तोंड नाही. पण आधी सगळं सांग, मग आण. न सांगता आणलंस तर मी दार उघडणार नाही, तुला सांगून ठेवते."

मी दरवाज्यापर्यंत गेलो तेव्हा ती म्हणाली, "आणि त्यांना विचार, उशी जाड लागते की पातळ. मला आठवत नाही."

भाऊजींच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा माझीच दमछाक झाली. त्यांनी दार उघडायला बराच वेळ लावला. मला पाहून कपाळावर आठी पडेल असं वाटलं होतं, पडली नाही. "अरे मास्तर," ते म्हणाले. ऑफिसात मला सगळे मास्तर म्हणायचे, मी सगळ्यांच्या चुका काढायचो म्हणून. "ये, ये. बस. खुर्ची तू घे, मला पलंगच बरा पडतो."

खोली लखलखीत होती. गॅसच्या शेजारी एक कप, एक ताटली, एक चमचा. औषधाच्या डब्या वारांच्या क्रमाने. मी बसलो आणि सगळं सांगितलं. या वेळी मशीनचंही सांगितलं, कारण त्यांना मशीन कळतं. एंटर मारायचो ते सांगितलं, मेक सांगितलं, रजिस्टरमधलं 'होय' सांगितलं. दिवा दोनदा लागला तेही सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते, समोरचा दुखणं सांगत असला की ऐकतात तसं.

"म्हणजे तुम्ही घातली होती," मी म्हणालो. "चूक माझी होती. सगळी माझी."

भाऊजींनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तुझं काहीतरी चुकतंय, मास्तर."

"नाही चुकत. तीनतीनदा तपासलंय."

"मी नव्हती घातली. ती ड्रॉवरमध्ये होती. उजवीकडच्या, वरच्या. मला अजून दिसते ना, निळं लेबल, माझ्या अक्षरातलं. मी ड्रॉवर उघडला होता आणि तेवढ्यात फोन आला."

"तुम्ही समितीला सांगितलं होतं, दिवा दोनदा लागला."

"ते तेव्हा सांगायचो. घाबरला की माणूस काहीही सांगतो." ते जरा हसले. "समिती होती, मोठे साहेब होते, तू होतास. एवढे सगळे चुकतील आणि मी एकटा बरोबर? मीही पुष्कळ विचार केला रे. तीन वर्षं दुसरं केलं काय मी? शेवटी आठवलं."

"भाऊजी, ते तुम्हाला आठवत नाही. ते आम्ही तुमच्या डोक्यात घातलं."

"असू दे. तू कशाला या वयात असं काही अंगावर घेतोस? तू पहिल्यापासून हुशार. तुझ्या हातून असं व्हायचं नाही."

मला काय झालं कोण जाणे, माझा आवाज चढला. मी म्हणालो, माझ्या हातूनच झालं, मी खोटी नोंद केली, मी तुमच्यावर हसलो, मी तुमचं घर मोडलं, ऐका जरा. त्यांनी हात वर केला, लहान मुलाला थांबवतात तसा, आणि मी थांबलो.

"हे बघ," ते म्हणाले. "ती बाई गेली ना, तिच्या नवऱ्याकडे मी गेलो होतो. तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तुमच्याकडे येऊन कबूल केलं, त्याच्या आदल्या दिवशी. हात जोडले, म्हटलं, फ्लॉपी मी घातली नाही, माझ्यामुळे झालं. तो शिकलेला माणूस नव्हता, त्याला फ्लॉपी काय ते कळलं नाही. पण त्याने मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, जा, माझ्या मनात काही नाही. त्या शब्दांवर मी आजवर दिवस काढले, मास्तर. आता मी त्याला काय सांगू? की तुझी माफी चुकीच्या माणसाला गेली?"

मी खाली पाहिलं. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं. ते मी दुसऱ्या पायाने झाकलं.

"तो तरी आहे की नाही आता," ते म्हणाले. मग विचारलं, "तुला तिने पाठवलं का?"

"हो. घरी घेऊन यायला सांगितलंय. खाली रिक्षा थांबवून आलोय."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. इतका वेळ ते माझ्याशी माझी समजूत काढावी तसं बोलत होते, आता तसं राहिलं नाही. 

"तिने मला माफ केलं?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू शकलो असतो. माफी तिने तुमची मागायला हवी आणि तिच्याआधी मी, हे म्हणू शकलो असतो. म्हटलं तर होतंच आत्ता, अर्धा तास. ते पलंगाच्या कडेला हात टेकून, अर्धवट उठून, माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.

"हो," मी म्हणालो. "केलं."

"बरं झालं," भाऊजी म्हणाले, आणि पलंगाखालून पिशवी ओढायला वाकले. गुडघे वाकेनात, म्हणून ती मीच ओढून दिली.